थंडीचा कपडेपट

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कधीतरी, सकाळच्या पाण्याच्या गडबडीत, लालबागच्या आमच्या विठाबाईच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरून हाक यायची, "मंडळी, थंडी इली." आवाज बाबलकाका परबांचा. अंगात बिनबाह्यांची बंडी, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि घोषणेपुरता तोंडातून बाहेर काढलेला ब्रश. त्या घटकेला चाळीतल्या झाडून सगळ्या खोल्यांत पंखे गरगरत असायचे. खालून कुणीतरी विचारायचं, "काका, शेगडी पेटवू का?" आणि सगळी चाळ हसायची. काका तिकडे लक्षच द्यायचे नाहीत. गॅलरीच्या कठड्यावरून वाकून ते जिन्याच्या तोंडाशी बघायचे आणि पुन्हा एकदा, या वेळी एकट्यासाठी, सांगायचे, "मुकादम, थंडी इली रे."

यंदाच्या डिसेंबरात मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली चहा पीत बसले होते. चाळ पडली, काका गेले, मुकादमही गेला. तरी माझे कान वेड्यासारखे त्या हाकेची वाट बघत होते. मग म्हटलं, आता लिहूनच काढावं. बाबलकाकांबद्दल बोलायला लागलं की मला थांबता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मुकादम म्हणजे आमच्या चाळीचा कुत्रा. मातकट रंग, एक कान फाटका, चेहरा कायम नाराज. दिवसभर तो फाटकाशी बसायचा आणि आल्यागेल्या प्रत्येकाची पिशवी हुंगून मगच आत सोडायचा. गिरणीत उमेदीची वर्षं घालवलेल्या म्हाताऱ्यांनी त्याला पाहिलं आणि नाव आपोआप पडलं. मी ऑफिसातून उशिरा आले की तो माझ्याकडे असा बघायचा, की उद्या खाडा लागणार असंच वाटावं.

बाबलकाका जन्मभर नाटकाच्या कपडेपटावर होते. नटांचे कपडे धुऊन, इस्त्री करून, ट्रंकांत भरून गावोगाव न्यायचे आणि प्रवेश बदलला की अंधारात मिनिटभरात राजा झालेल्या नटाचा भिकारी करून द्यायचा, हे त्यांचं काम. शालू, अंगरखे, शेले, जरीचे फेटे यांच्यात त्यांचं आयुष्य गेलं. पण रिकाम्या मेकअप रूममध्येही एखादा शेला खांद्यावर टाकून आरशात बघावं असं त्यांना कधी वाटलं नाही. मी एकदा विचारलं तेव्हा त्यांना माझा प्रश्नच विचित्र वाटला. "कपडेपटातलो माणूस कपडे सांभाळता गो बाय, घालणा नाय," ते म्हणाले. कंपनीचं एक बटणही आपल्या हातून हरवलं नाही, ही त्यांची एकमेव फुशारकी होती आणि ती ते महिन्यातून एकदा तरी मारायचे. बायको फार पूर्वी गेलेली, मुलगा महेश परळच्या टॉवरमध्ये. काकांच्या खोलीत एक शिलाई मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि माळ्यावर कापडाची बोचकी, एवढाच संसार होता.

निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, बागेत जातात. काकांनी थंडी धरली. मुंबईला थंडी नसते, असं त्यांच्यासमोर कुणी म्हटलं की ते खवळायचे. आमच्या गणपती मंडळाचा सेक्रेटरी सुहास, कुरियरच्या ऑफिसात नोकरीला, तोंडानं भारी फटकळ. तो एकदा म्हणाला, "काका, कुत्र्याला केस असतात. त्याला कसली आलीय थंडी?" दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी त्याला अंथरुणातून उठवून खाली आणलं.

"झोप," काका जिन्याखालच्या लादीकडे बोट दाखवून म्हणाले.

"काय?"

"बनियनवर झोप हंय. पोट टेकून. मुकादम झोपता तसो."

सुहास हसत हसत आडवा झाला. पाणी भरायला आलेल्या बायका बादल्या खाली ठेवून बघायला लागल्या. चाळीच्या त्या जुन्या दगडी लादीवर थोडा वेळ गेला आणि सुहासचं हसणं बंद झालं, मग त्यानं पोट आत घेतलं, मग उठूनच बसला. काका म्हणाले, "थंडी पंख्याखाली मोजूची नाय. लादयेर पोट टेकून मोजूची." त्याच संध्याकाळी तो मसाला गल्लीतून खांद्यावर पोती घेऊन आला.

आता ती पोती. तो किस्सा आठवला की मला अजून हसू आवरत नाही. लालबागला राहायचं आणि रिकामी पोती हवीत, तर माणूस मसाल्याच्या दुकानातच जाणार. सुहासनं मागितली, दुकानदारानं दिली, काकांनी झटकली, दुहेरी करून शिवली, आत चिंध्या भरल्या आणि जिन्याखाली झकास गादी घातली. पोती होती संकेश्वरी मिरचीची. सकाळी मुकादम असा शिंकत होता की जिना हादरत होता. त्याच्या पाठोपाठ गल्लीतले बाकीचे कुत्रे, मग दूधवाला, मग पहिल्या मजल्यावरच्या कांबळेबाई, मग ऑफिसला निघालेली मी. डब्यांच्या पिशव्या हातात धरून सगळी चाळ जिन्यावर शिंकत उभी, आणि काका नाकाला पंचा लावून गादी बाहेर ओढताहेत. तेव्हापासून फक्त धण्याचं पोतं, असा नियम झाला. पुढे आमच्या जिन्याला थंडीभर धण्यांचा वास यायचा आणि मुकादम जवळून गेला की आमटीची आठवण यायची.

कोटांचे नियम याहून कडक. गळ्यात टेप अडकवून काका गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याचं माप घ्यायचे. छाती, पोट, पाठीची लांबी. कापड मखमलीचं, आणि ते कुठून यायचं ते पुढे सांगतेच. नाड्या आणि काजं त्यांना चालायची नाहीत. पोटाखाली प्रेस बटणंच हवीत. कोट कुठे तारेत अडकला तर हिसका बसताच सुटला पाहिजे, कुत्रा अडकून पडता कामा नये. "नटाक अडकवणारो कपडो कपडोच नाय," हे त्यांचं तत्त्व. दिवे लागायच्या वेळी ते फाटकाशी उभे राहून एकेकाला कोट चढवायचे आणि सकाळी ऊन आलं की उतरवून, ब्रश मारून, गॅलरीतल्या दोरीवर वाळत घालायचे. दिवसा कोट घालायला सक्त मनाई होती. एकदा मी मुकादमाचा फोटो काढायचा म्हणून दुपारी कोट मागितला, तर म्हणाले, "दिवसा कोट घातलो की कुत्रो हिरो जाता. मग कामाचो रवणा नाय."

दिवसासाठी ऊन होतं. चाळीच्या पटांगणात सकाळी उन्हाचा एक चौकोन पडायचा आणि तो हळूहळू नळापासून तुळशीपर्यंत सरकायचा. काका त्याला स्पॉट म्हणायचे. मुकादमाचे गुडघे धरलेले, त्यामुळे त्याला स्पॉटात आणून बसवायचं, तिळाच्या तेलानं पाय चोळायचे, बाजरीची भाकरी चारायची, आणि ऊन सरकलं की त्यालाही सरकवायचं. स्पॉटात कुणी बाईक लावली तर काका तिसऱ्या मजल्यावरून गरजायचे. मग शेजारी टॉवर उठला आणि वर्षागणिक तो चौकोन आखडत गेला. शेवटी शेवटी सकाळच्या चहाला निवांतपणे बसण्याइतकाही वेळ ऊन टिकत नसे. काका टॉवरकडे बघून म्हणायचे, "ह्येनी आमचो लाईट खाल्लो."

एवढं सगळं करणाऱ्या माणसाला तुम्ही विचारलं असतं की कुत्रा कुणाचा, तर त्यांनी सांगितलं असतं, "चाळीचो." त्यात कधीही बदल नाही. गुरांच्या डॉक्टरकडे गेलो तेव्हाची गोष्ट. मुकादमाचा पाय सुजला होता म्हणून काका, सुहास, मी आणि कांबळेबाई असे चौघं त्याला टॅक्सीत घालून घेऊन गेलो. टेबलामागच्या माणसानं मालकाचं नाव विचारलं.

"मालक नाय," काका म्हणाले.

"मग आणलंय कुणी?"

"मी."

"मग तुमचाच ना?"

"माझो नाय. विठाबाईच्या चाळीचो आसा."

त्या माणसानं हात टेकले. थोड्या वेळानं आतून पुकारा झाला, "विठाबाईची चाळ, आत या," आणि आम्ही चौघंही उठून उभे राहिलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या. त्यांनी सुई टोचताना मान कुणी धरायची एवढंच विचारलं, आणि पुन्हा चार हात पुढे झाले.

मी परतताना काकांना विचारलं, की तुमच्या खोलीत का घेत नाही त्याला? दार बंद केलं की थंडी बाहेर. काका मुकादमाचा फाटका कान कुरवाळत बसले. मग म्हणाले, "घरात घेतलो की माझो जातलो. माझो झालो की कांबळेबाईन त्येका भाकरी कशाक घालूची? तू बिस्किट कशाक आणूचा?" मला ते पटलं. खरं सांगायचं तर त्या वयात मला काकांचं सगळंच पटायचं.

मग चाळ पाडायचं ठरलं. दिवाळीनंतर सगळ्यांच्या सह्या झाल्या, भाड्याची घरं बघून झाली, कुणी डोंबिवलीला, कुणी कांजूरला, कुणी मीरा रोडला जाणार होतं. महिनाअखेरीला चाव्या द्यायच्या होत्या. सगळ्यांची एकत्र, नाहीतर कुणाचीच नाही, अशी बिल्डरची अट. आणि बाबलकाकांनी चावी द्यायला नकार दिला.

"थंडी सरल्याशिवाय मी खोली सोडूचंय नाय," त्यांनी पटांगणातल्या मीटिंगमध्ये सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की मुकादमाची ही थंडी अवघड आहे, त्याला उघड्या लादीवर पडू देऊ नका आणि जागा बदलू नका. काकांनी तेवढंच धरलं. लोकांना आधी गंमत वाटली, मग राग आला. घरांचं सामान दोरीनं बांधून झालं होतं, नव्या जागांचं भाडं चालू झालं होतं, आणि एका कुत्र्याच्या गुडघ्यांपायी अख्खी चाळ अडून बसली होती. म्हातारा बिल्डरकडे जास्त काहीतरी मागत असेल, असंही कुणी बोललं. सुहास तर त्यांच्याशी बोलेनासाच झाला. गॅलरीतून काका येताना दिसले की दारं लोटली जायची. आमच्या घरातही आईनं माझ्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाली, "चूक दोघांचीही नाही बघ, म्हणून जास्त त्रास होतो."

त्या डिसेंबरात काकांनी थंडीची घोषणा केली तेव्हा कुणी हसलं नाही. काकांनी मात्र कपडेपट उघडला. नवे कोट शिवले, धण्याची पोती आणली, संध्याकाळी फाटकाशी उभं राहून एकेकाला तयार केलं. मुकादम उठताना कण्हायचा. काका रोज सकाळी त्याच्या पायांना तेल लावता लावता मोठ्यानं सांगायचे, "आणखी थोडे दिवस. मग स्पॉट गरम जातलो." मी त्यांच्या शेजारी चहाचा कप ठेवून ऑफिसला पळायचे. उन्हाचा चौकोन तोवर चटईएवढा राहिला होता.

इकडे मंडळानं ठरवलं की अडकलोच आहोत तर निदान चाळीतला शेवटचा गणपती करू, माघातला. याआधी आमच्याकडे भाद्रपदातलाच असायचा. मूर्ती सांगितली, ढोलवाले सांगितले, सगळ्या चाळीत उत्साह संचारला. मखरामागचा मखमलीचा पडदा भाद्रपदात नवा केला होताच, तोच लावायचा ठरला. आदल्या दिवशी संध्याकाळी सुहास तिसऱ्या मजल्यावर गेला. मी गॅलरीतच होते. दोनेक महिन्यांनी तो काकांच्या दारात उभा होता.

"काका, पडदा द्या. उद्या बांधायचाय."

"खंयचो पडदो?"

"भाद्रपदातला. तुमच्याकडे ठेवलाय ना आम्ही."

आता इथे आमच्या चाळीची पद्धत सांगायला हवी. मंडळ दरवर्षी पडदा नवा करायचं आणि विसर्जन झालं की तो बोचकं बांधून काकांच्या दारात ठेवायचं. त्याच मखमलीचे कुत्र्यांचे कोट व्हायचे. हे इतकं ठरलेलं होतं, की देताना कुणी काही बोलत नसे आणि घेताना काका काही विचारत नसत. यंदा माघी गणपती आहे, पडदा जपून ठेवा, हे काकांना सांगायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण त्यांच्याशी कुणी बोलतच नव्हतं. आणि कोट दरवर्षीच लाल मखमलीचे असायचे. त्यामुळे यंदाचे नवे आहेत की मागचे, हे कुणी बघितलंही नव्हतं.

काका उठले. सुहासचा हात धरून त्याला कठड्याशी आणलं आणि नुसतं खाली बोट दाखवलं. फाटकाशी, नळाशी, तुळशीपाशी, जिथं तिथं आमच्या गल्लीतले कुत्रे गणपतीच्या पडद्यात बसले होते. सोनेरी झालर होती ती मुकादमाच्या गळ्याशी.

मला हसू फुटत होतं आणि मी ते तोंडावर हात दाबून गिळलं, कारण काकांचा चेहरा बघवत नव्हता. ज्यांच्या हातून कंपनीचं बटण हरवलं नव्हतं, त्यांनी देवाचा पडदा कापला होता. ते आत गेले, खिळ्यावरची चावी काढली आणि सुहासपुढे धरली. "घे. मी उद्या जातंय. तुमचो पडदो मी कापलो."

"काका, चावी नको," सुहास म्हणाला. त्याचा फटकळपणा कुठे गेला होता कोण जाणे. "आम्ही सांगितलंच नाही तुम्हाला. आमची चूक आहे."

"चूक कात्रीची आसा. कात्री माझ्या हातात होती."

"घ्या हो तुम्ही मागे ती चावी," आमच्या दारातून आई म्हणाली. तिच्या हातात तिची जांभळी पैठणी होती, माझ्या लग्नासाठी म्हणून जपून ठेवलेली. "पडदा काय, कापडाचाच असतो ना? हे घ्या. कापायचं नाही मात्र."

काकांनी साडीकडे पाहिलं, मग आईकडे. त्यांनी चावी पुन्हा खिळ्याला अडकवली आणि दोन्ही हातांनी पैठणी घेतली. चाळीतल्या बायकांना तेवढं पुरलं. एकमेकींना हाका मारत त्या बांधलेल्या बॅगा सोडायला लागल्या. शालू, इरकल, कोटा डोरियाच्या साड्या, कुणाची डोहाळजेवणाची हिरवी. कांबळेबाई गणपती करत नाहीत, पण त्यांनीही आपली निळीशार साडी आणली आणि म्हणाल्या, "ही मधे लावा, मखर उठून दिसेल." काकांनी गळ्यात टेप अडकवला आणि त्यांचा आवाज एकदम रंगमंचामागचा झाला. "सुहास, ती टोकं धर. बाय, सुई ओव. टाचण्या कोणाकडे आसत?" इतके दिवस रुसलेली चाळ गॅलरीत मांड्या घालून बसली आणि हातांची लगबग सुरू झाली. इतका आनंद मी त्या चाळीत क्वचितच पाहिला असेल.

दुसऱ्या दिवशी मखरामागे आमच्या सगळ्या घरांच्या साड्या मिळून एक पडदा झळकत होता. बघायला गल्लीतून माणसं येत होती. पुढ्यात संध्याकाळी कुत्रे लाल मखमलीत बसले, तेही शोभून दिसले. विसर्जनानंतर काकांनी त्या पडद्याचा एक धागा सुहासच्या हातात दिला आणि ओढायला सांगितलं. त्यांनी सगळा पडदा कच्च्या टाक्यांनी शिवला होता. सर्रकन धागा निघाला आणि साड्या एकेक करून सुट्या झाल्या, एकीलाही डाग की ओरखडा नाही. आई पैठणी उजेडात धरून बघत राहिली.

पण खरा प्रश्न पुढेच होता. थंडी सरली की मुकादमानं जायचं कुठे? काकांनी पटांगणात सगळ्यांना विचारलं, आणि मला तो प्रसंग आठवायला आवडत नाही. सगळ्यांचा मुकादमावर जीव. कुणी म्हणालं भावाकडे राहणार आहोत, कुणाच्या सोसायटीत नियम, कुणाच्या मुलाला दमा, सुहासच्या नव्या घराला लिफ्ट नाही. मीही मान खाली घालून बसले, कारण आमच्या नव्या घरमालकानं आधीच नाही म्हटलं होतं. सगळ्यांचा असलेला कुत्रा बघता बघता कुणाचाच राहिला नाही.

महेश बाबांना न्यायचं ठरवायला आला तेव्हा म्हणाला, "आणा ना त्याला आमच्याकडे. प्राचीची हरकत नाही. फक्त आमच्या टॉवरचा नियम आहे, भटका कुत्रा आत घेत नाहीत. गेटवर विचारतील कुणाचा आहे. तुमचा म्हणून सांगा, संपलं."

"माझो नाय तर माझो म्हणान कसो सांगू?" काका म्हणाले. "खोटा कशाक बोलू?"

"अहो बाबा, एका शब्दाचा प्रश्न आहे."

काकांनी नाही म्हणून मान हलवली. महेशनं माझ्याकडे बघितलं.

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरून हाक आली. "मंडळी, थंडी गेली." अख्खी चाळ गॅलरीत धावली आणि टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांत चाळ संपली हेही सगळ्यांना कळलं, आणि टाळ्या जरा जास्तच वेळ वाजत राहिल्या. मुकादम स्पॉटात उभा होता, स्वतःच्या चार पायांवर, कण्हत नव्हता. काका खाली उतरले आणि चावी सुहासच्या हातात ठेवली. गल्लीतल्या बाकीच्या कुत्र्यांचे कोट धुऊन घडी करून सुहासकडेच दिले. ते कुत्रे गल्लीचेच होते, गल्लीतच राहणार होते, आणि सुहासचं नवं घर दोन इमारती सोडून होतं. "संध्याकाळी घालूचे, सकाळी काढूचे," त्याला तीनतीनदा बजावलं. सुहासनं ते काम आजतागायत चोख केलं आहे, हे मी स्वतः जाऊन पाहून आले.

काका आणि मुकादम यांनी पुढची थंडी एकत्र काढली, असं महेशनं मला नंतर फोनवर सांगितलं. मी मात्र काकांना शेवटचं पाहिलं ते त्या मार्चमध्येच, टॉवरच्या गेटवर.

टेंपोत शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल आणि बोचकी होती. मुकादमाला घेऊन काका, महेश आणि मी टॅक्सीनं गेलो. परळ काही लांब नाही, पण गेटवर काय सांगायचं ते अजून ठरलं नव्हतं. मुकादमानं खिडकीतून रस्त्याची पाहणी चालवली होती. गेटशी उतरलो आणि महेश सामान उतरवायला टेंपोकडे गेला. वॉचमन पुढे आला.

"अंकल, ये कुत्ता किसका है?"

काकांचं तोंड सवयीनं उघडलं. "चाळीचो..." एवढंच म्हणून ते थांबले.

"किसका?"

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की त्यांचाच आहे, पण ते माझं वाक्य नव्हतं. काकांनी वळून टेंपोकडे पाहिलं. मग ते खाली बसले, खांद्यावरच्या पिशवीतून लाल मखमलीचा कोट काढला आणि भर दुपारच्या उन्हात मुकादमाच्या अंगावर चढवला. पोटाखालची बटणं एकेक करून दाबली, सोनेरी झालर सरळ केली. मुकादम चकित होऊन त्यांच्याकडे बघत होता, कारण हे नियमात बसत नव्हतं.

काका उठून उभे राहिले. "माझो आसा," ते म्हणाले. वॉचमनला कळलं नाही. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून थंडी पुकारायच्या त्या आवाजात काका म्हणाले, "मेरा है."

वॉचमननं गेट उघडलं. मुकादमानं आधी त्याचे बूट आणि मग त्याची डब्याची पिशवी हुंगली, ठीक आहे असं ठरवलं आणि काकांच्या पुढे होऊन चालायला लागला. मी बाहेरच थांबले. लॉबीच्या काचेतून मला ते लिफ्टमध्ये शिरताना दिसले. आत भिंतभर आरसा होता. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत काका मुकादमाच्या मखमली पाठीवर हात ठेवून आरशात बघत उभे होते.